पाण्याला वाट

१

माझं काम पाणी तपासायचं. सव्वीस वर्षं तेच करते आहे. सकाळी नऊला गावभरच्या नळांच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात. बाटलीवर गल्लीचा नंबर, आत पाणी. मी थेंब टाकते, रंग बघते, आकडा लिहिते आणि पुढची बाटली ओढते. माझा विश्वास आकड्यावर, आणि तो आकडा दोनदा सारखा आला तरच.

हे मला चिडवायचे. "अगं, एक दिवस मलाही बाटलीत भरून नेशील तू," म्हणायचे. हे म्हणजे माझा नवरा. धंद्यानं गवंडी, पण घरं बांधणारा नव्हे. रस्त्याच्या कडेला, उतारावर, माती खाली येऊ नये म्हणून ज्या दगडी भिंती असतात ना, त्या रचणारा. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडाला दगड. प्रत्येक भिंतीत हे गुडघ्याएवढ्या उंचीवर मुठीएवढी भोकं ठेवायचे. लग्नानंतर पहिल्यांदा भिंत बघायला गेले, तेव्हा मला वाटलं दगड कमी पडले. हे हसले होते.

"भिंतीच्या पाठीमागं पाणी साठतं," म्हणाले. "त्याला वाट ठेवली नाही तर भिंत फुगते. आणि मग एक दिवस येते अंगावर."

एका सकाळी दाढी करताना यांचा उजवा हात खाली आला तो आलाच. मेंदूत रक्ताची गुठळी. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं पार गेलं होतं. सगळं ऐकू यायचं, कळायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण तोंडातून हुंकाराशिवाय काही निघत नव्हतं. बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई येऊ लागल्या. मनातल्या मनात मी त्यांना वाचाबाई म्हणायचे.

"पहिले सहा महिने फार महत्त्वाचे," वाचाबाई म्हणाल्या. "नंतरही शब्द येतात, पण जीव खात येतात."

तेव्हा चौथा महिना चालू होता. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'अहो' आणि हे 'अगं'. सकाळी टॉवेल हवा असला तरी अगं, दगड पायावर पडला तरी अगं. आता घरात मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आले की मी चपला काढत दारात जरा जास्त वेळ उभी राहायचे, बाकी काही नाही.

२

"दोघांनी मिळून एखादी हलती गोष्ट बघत जा," वाचाबाईंनी सांगितलं. "टीव्ही नको. टीव्ही माणसाऐवजी बोलतो."

म्हणून मी मासे आणायचं ठरवलं. दुकानदार धिप्पाड होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. दुकान काचेच्या टाक्यांनी भरलेलं, आणि सगळीकडं बुडबुड्यांचा आवाज.

"शांत मासे हवेत का, ताई?"

"बघणारा माणूस जागा राहील असे द्या."

त्यानं मला अगदी शेवटच्या टाकीपाशी नेलं. पिवळेधमक, निळे, निळ्यावर काळे पट्टे असलेले. एकही मासा स्वस्थ नव्हता. "आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातले आहेत. सिक्लिड म्हणतात. कपारीत राहणारी जात, महाभांडखोर. पण एकदा बघायला बसलात की उठणार नाही."

"किती घेऊ?"

"चार फुटी टाकी म्हणताय तर अठरा-वीस. आणि सगळे एकदम सोडा."

"एवढ्याशा पाण्यात वीस?"

"थोडे ठेवले की त्यातला एक दादा होतो आणि बाकीच्यांना मारून टाकतो. गर्दी असली की राग वाटला जातो. कुणा एकाच्या वाट्याला फार येत नाही." माझा चेहरा बघून तो म्हणाला, "उलटं वाटतं, पण तसंच आहे."

आता पाण्यातलं मला कुणी शिकवायचं म्हणजे जरा अतीच. किती पाण्यात किती जीव, हा हिशोब मी झोपेतही करू शकते. मी आठच मासे सांगितले. तेही टाकी तयार झाल्यावर नेईन म्हटलं.

टाकी बाहेरच्या खोलीत, यांच्या खुर्चीसमोर मांडली. या माशांना जड पाणी लागतं, क्षारांचं. आमच्या नळाला हलकं येतं. म्हणून तळाला पोवळ्याची वाळू पसरली. दगड मात्र यांचेच, परसात पडलेले. मी बादली भरून आत आणली आणि पहिला दगड हातात घेऊन टाकीपाशी उभी राहिले, तेव्हा हे खुर्चीतून उठायला धडपडू लागले.

उंच स्टुलावर बसवलं. मी दगड द्यायचा, यांनी डाव्या हातानं लावायचा. कामावर यांची एक खूण होती. वरच्या माणसानं दगड नीट धरला की तो देणाऱ्याच्या हातावर अंगठा दोनदा दाबतो. धरला, आता सोड. त्याशिवाय खालच्यानं हात काढायचा नाही, नाहीतर कुणाचा तरी पाय जातो. त्या दिवशी प्रत्येक दगडाला यांचा डावा अंगठा माझ्या मनगटावर दोनदा दाबला गेला. दोन तास आम्ही भिंत रचली. चार महिन्यांत यांना असं घामाघूम आणि खूश मी पाहिलं नव्हतं.

भिंत फूटभर उंचीची झाली. मधोमध यांनी चार भोकं ठेवली, प्रत्येक भोकावर एक चपटा दगड, दारावरच्या पट्टीगत. मासे तीन आठवड्यांनी आले ते सरळ त्या भोकांत शिरले, जणू पत्ता हातात घेऊनच आले होते. हे मोठ्यानं हुंकारले. वाचाबाईंनी तो हुंकार वहीत लिहून घेतला.

३

आठ दिवसांत एक मासा दादा झाला. निळा, काळ्या पट्ट्यांचा. मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. चारही भोकं त्यानं आपली करून टाकली आणि बाकीच्यांना वरच्या कोपऱ्यात कोंडलं. दोन मासे मेले. मी दुकानात फोन केला.

"मी काय सांगितलं होतं?" दुकानदार म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता, हेच जास्त लागलं. "आता आणखी बारा न्या. एकदम सोडा. आणि त्याआधी आतली सगळी रचना मोडा. दगड हलवले की जुन्यांना आपलं घर सापडत नाही. सगळेच नवे होतात, मग भांडायला हक्क कुणाचा?"

यांची बहीण, माझी नणंद, मी कामावर असताना रोज येऊन बसायची. सोमवारी ती यांना घेऊन तपासणीला गेली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भिंत उतरवली. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी नाही म्हटलं असतं, आणि माझे आणखी मासे मेले असते. माझ्यापाशी तेव्हा कारण होतं, म्हणून सांगते आहे.

पुन्हा रचताना एक दगड घसरून काचेवर आपटला. मी घाबरले. मग मी सगळे दगड एकावर एक चपटे, घट्ट लावले. फट नको, हलायला जागा नको. चारही पट्टीचे दगड त्यात बसेनात. तीन कसेबसे तळाशी सरकवले, एक बादलीतच राहिला. बादली मी मोरीच्या कोपऱ्यात ढकलली. नवे बारा मासे सोडले. मुकादम गोंधळून गोल गोल फिरत राहिला, आणि टाकीत शांतता झाली.

नणंदेनं यांना दारातून आत आणलं. हे टाकीसमोर थांबले. त्यांनी त्या ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रागावलेले नव्हते. मला एखाद्या गोष्टीचं फार वाईट वाटतं तेव्हा मी जशी गप्प होते, तसे होते.

"अहो, मासे मरत होते," मी म्हणाले.

यांनी तोंड मिटलं. हुंकारासाठी म्हणून जे नेहमी जरासं उघडं असायचं, तेही मिटलं. संध्याकाळी मी घास पुढं केला तर ओठ हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कोपऱ्यातून स्ट्रॉ सरकवली तर दूध प्यायचे, सूप प्यायचे. बाकी तोंड बंद.

"रुसलाय दादा," नणंद म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे. निघेल रुसवा."

४

शनिवारी सकाळी दाणे टाकायला गेले तर ढिगाचा आकार बदललेला होता. डाव्या कडेला चार दगड सरळ ओळीत, एकमेकांना धरून बसलेले. मी घट्ट लावले होते खरे, पण ओळीत लावले नव्हते.

हे मासे वाळू उकरतात. दुकानदारानंच सांगितलं होतं. वाळू गेली की दगड घसरतो, आणि घसरलेला दगड कसाही बसू शकतो, ओळीतसुद्धा. असं म्हणून मी दाण्यांचा डबा बंद केला आणि यांना कपडे बदलायला उठवलं. यांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

उजवा हात आम्ही उचलून मांडीवर ठेवायचा आणि तो तिथंच राहायचा. पाच महिने होत आले होते. बाहीवर दूध सांडलं असेल म्हणून हुंगलं. दूध नव्हतं. ग्लासातलं पाणी म्हणावं तर छाती कोरडी, मांडी कोरडी.

पाणी म्हटलं की मला एकच गोष्ट येते. मी बाही एका स्वच्छ बाटलीत पिळली आणि कामावर घेऊन गेले. जडपणाची तपासणी सोपी असते. पाण्यात रंग टाकला की ते लालसर होतं. मग दुसऱ्या औषधाचे थेंब टाकत जायचं, लालाचं निळं होईपर्यंत. आमच्या नळाच्या पाण्याला चार थेंब लागतात. टाकीतल्या पाण्याला सतरा लागतात, ते मी दर आठवड्याला घरी बघत होतेच.

बाहीच्या पाण्याला सतरा लागले.

कापडात साबण उरलेला असतो, घामाचे क्षार असतात. म्हणून मी घरी येऊन त्याच सदऱ्याची डावी बाही नळाखाली भिजवली, पिळली आणि सोमवारी तीही तपासली. पाच थेंब. मग उजव्या बाहीचं उरलेलं पाणी पुन्हा. सतरा. मी दोन्ही आकडे लिहिले आणि त्यांच्यापुढं गल्लीचा नंबर लिहायच्या जागी पेन तसंच धरून बसले. शेजारच्या टेबलावरच्या मदतनीस बाईंनी विचारलं, "कुठलं पाणी, मॅडम?"

"घरचं," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. एक पिवळी मादी दाणे खात नव्हती. ढिगाच्या मागं, नळीच्या आडोशाला एकटी उभी, हनुवटी फुगलेली, तोंड गच्च. आजार असेल म्हणून दुकानात फोन केला.

दुकानदार खूश झाला. "अहो, आजार कसला. तोंडात अंडी आहेत तिच्या. या जातीची आई पिल्लं तोंडातच वाढवते. तीन आठवडे. काही खात नाही, तोंड उघडत नाही."

"मरणार नाही?"

"सुकते. पण मरत नाही. एकच करा, हात लावू नका. जबरदस्ती केली, घाबरवलं, तर सगळं गिळून टाकते."

फोन ठेवून वळले तर हे खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होते. ओठ मिटलेले. आणि हनुवटीखाली भरल्यासारखं दिसत होतं.

५

तोंड मिटल्याला दहा दिवस झाले. यांचे गाल बसले, हनुवटीखालचा भाग तेवढा भरलेलाच राहिला. वाचाबाईंनी गोड बोलून पाहिलं, आरसा दाखवून पाहिलं. एकदा त्यांनी चमचा दातांपर्यंत नेला, तेव्हा यांच्या डोळ्यांत अशी भीती आली की बाई स्वतःच मागं सरकल्या.

"यांना गिळता येतंय, श्वास नीट आहे," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "रुसवा म्हणावा तर डोळ्यांत रुसवा नाही. काहीतरी जपल्यासारखं धरून बसलेत. मला हे कधी दिसलं नव्हतं."

भिंत आता सहा इंचांवर आली होती. ती रोज वाढत होती, आणि वाढत होती ती दिवसा, मी कामावर असताना. नणंद टाकीपासून चार हातांवर विणकाम घेऊन बसलेली असायची.

"हे खुर्चीतून उठले होते का?"

"कसा उठेल, वहिनी? मी इथंच तर आहे."

"तू कुठं गेली होतीस?"

"चहा ठेवायला. तेवढ्यात काय तो मॅरेथॉन पळणार आहे?"

नमुन्याच्या बाटलीला आम्ही सीलबंद करताना निळी पट्टी लावतो आणि तिच्यावर अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर अशी सही करतो. तशी पट्टी मी टाकीच्या झाकणाला चारी बाजूंनी लावली. सह्या केल्या. संध्याकाळी आले तर पट्टी जशीच्या तशी, सह्या जुळलेल्या, आणि भिंतीत पहिलं भोक तयार झालेलं. मी तळाशी सरकवलेला पट्टीचा दगड त्याच्यावर बसलेला होता. यांच्या उजव्या बाहीला हात लावला. गार आणि ओली.

मला भीती वाटली. उगाच शूरपणा सांगत नाही. पण त्याच्या जोडीनं आणखी काहीतरी वाटत होतं आणि ते मी स्वतःशीही कबूल करायला तयार नव्हते. रोज संध्याकाळी चपला काढताना मी आता दारात थांबत नव्हते. आज भिंत कुठवर आली ते बघायला मी घाईनं आत शिरत होते.

अठराव्या दिवशी डॉक्टर घरी आले. वजन केलं, नाडी बघितली. "हे असं चालणार नाही," म्हणाले. "सोमवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर दाखल करू, भूल देऊन तोंड उघडून बघू आत काय आहे, आणि नाकातून नळी घालू."

"सोमवार कशाला?" नणंद रडकुंडीला आली होती. "आत्ताच उघडा ना. आपण तिघं आहोत, धरू त्याला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी विज्ञान शिकलेली बाई. मला एका मासे विकणाऱ्या माणसाचं फोनवरचं वाक्य आठवत होतं.

"सोमवार," मी म्हणाले. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

नणंद मला पाषाणहृदयी म्हणाली. डॉक्टर गेल्यावर तिनं माझी माफी मागितली आणि मग पुन्हा तेच म्हणाली.

६

शुक्रवारी मी रजा घेतली. नणंदेला सुट्टी दिली. यांना खुर्चीत बसवलं, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, बाही दुमडून कोपराच्या वर नेली. मग स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले. तिथून यांचा पाठमोरा खांदा, मांडीवरचा हात आणि टाकीची पुढची काच दिसते.

दुपारचे दोन वाजले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी ठोकत होतं. टाकीच्या पंपाची घरघर चालू होती. त्या घरघरीखालून एक आवाज आला. टक. दगडावर दगड ठेवल्याचा, पण पाण्याखालून आलेला, जाड. थोडं थांबून पुन्हा टक. हा आवाज मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. दगड ठेवायचा, हलवून बघायचा, जरा फिरवायचा, पुन्हा ठेवायचा. हे असंच करतात.

मी मांडीवरच्या हाताकडं पाहिलं. तो तिथंच होता, कोरडा, जरासा निळसर.

टाकीच्या काचेत यांचं प्रतिबिंब दिसत होतं. खुर्ची, गळा, मिटलेलं तोंड, दोन्ही मांड्या. प्रतिबिंबातली उजवी मांडी मोकळी होती.

काचेच्या पलीकडं, पाण्यात बघायचं एवढंच उरलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं दिसलं, की मासे पांगले नव्हते. उलट एका जागी जमले होते, पिवळे, निळे, मुकादमसुद्धा, आणि त्यांच्यामध्ये पाणी गढुळलं होतं. मान फक्त दोन बोटं वळवायची होती. मी वळवली नाही. मी पाटावरून उठले, आत जाऊन सिंकपाशी उभी राहिले आणि नळ सोडून पेले धुतले. धुतलेलेच पेले पुन्हा धुतले. यांना कामावर असताना कुणी टक लावून बघितलेलं आवडत नाही.

परत आले तेव्हा तिसरं भोक झालं होतं. दुमडलेली बाही कोरडी होती. कोपरापासून बोटांपर्यंत हात मात्र ओला होता आणि नखांत पोवळ्याची वाळू होती. मी टॉवेलनं एकेक बोट पुसलं. हे माझ्याकडं बघत होते. इतके दमलेले आणि इतके समाधानी, की मला रडू आलं.

"अहो, चुकले मी," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

७

रविवारी सकाळी भिंत जवळजवळ पुरी झाली होती. चौथ्या भोकाच्या दोन्ही बाजू उभ्या होत्या, वरचा भाग तेवढा उघडा. विसाव्या दिवशीही तो तसाच होता. हा एकविसावा. टक आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, पण भिंत पुढं सरकत नव्हती. यांच्या कपाळावर घाम होता. नळीच्या आडोशाची मादी चौथ्या भोकासमोर येऊन उभी राहायची आणि मागं जायची.

किती वेळ लागला मला कळायला. चौथा पट्टीचा दगड मोरीच्या कोपऱ्यात बादलीत होता. टाकीतलं सगळं त्या हाताला मिळत होतं. घरातलं मिळत नव्हतं.

मी दगड आणला. नळाखाली धुतला. निळी पट्टी फाडली, माझ्या सहीचे दोन तुकडे झाले, झाकण उचललं. हे खुर्चीत होते, मी त्यांच्या आणि टाकीच्या मध्ये. यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर, उजवा मांडीवर. दोन्ही मला दिसत होते. मग मी डोळे मिटले, दगड दोन्ही हातांत धरून पाण्यात कोपरापर्यंत घातला आणि थांबले.

पाणी कोमट होतं. मासे बोटांना लागून गेले. काहीच झालं नाही. मनात म्हटलं, बाई, तू एका माशांच्या टाकीत डोळे मिटून दगड धरून उभी आहेस, आणि उद्या नवऱ्याला भूल देणार आहेत.

दगडाचं वजन कमी झालं.

मी हात काढला नाही. अठ्ठावीस वर्षांत एवढं शिकले आहे. माझ्या उजव्या मनगटावर एक अंगठा टेकला. त्याच्या नखाच्या मधोमध खरखरीत चीर होती. हातोडी बसून दुभंगलेलं ते नख, उजव्या अंगठ्याचं, मी कितीदा कापून दिलं आहे. अंगठा दोनदा दाबला गेला.

धरला. आता सोड.

मी सोडला. टक असा आवाज झाला आणि मी डोळे उघडले. दगड जागेवर बसला होता. पाण्यात मासे होते, माझे दोन हात होते, आणि वाळू हळूहळू खाली बसत होती.

पिवळी मादी आली. चौथ्या भोकासमोर थांबली. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून एक पिल्लू निघालं, तांदळाच्या दाण्याएवढं, मग दुसरं, मग भसकन दहा-बारा, आणि सगळी त्या भोकात शिरली. ती बाहेर राखणीला उभी राहिली.

माझ्या मागं खुर्ची करकरली. वळले. हे पुढं झुकले होते. हनुवटी थरथरत होती. एकवीस दिवस मिटलेले ओठ सुटले, आणि कोपऱ्यातून पाण्याची एक धार ओघळली. मी बाटली शोधली नाही, पण कपाटावर नमुन्याची एक रिकामी होतीच, हाताला तीच लागली, सवयीनं मी ती हनुवटीखाली धरली. तोंड आणखी उघडलं. जिभेच्या मागं, अंधारात, काहीतरी हललं. माझ्याकडं तोंड करून हललं, असं मला वाटलं. मी तेवढंच पाहिलं.

"अगं," हे म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण यांचाच होता. हे टाकीकडं बघत होते. डावा हात उचलून त्यांनी भोकाकडं बोट केलं.

"अगं... वाट."

"हो," मी म्हणाले. "ठेवली हो. वाट ठेवली."

सोमवारी डॉक्टरांना यांनी तोंड उघडून दाखवलं. आत जीभ होती, दात होते, काही नव्हतं. नणंद यांच्या गळ्यात पडून रडली आणि मग मला म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, रुसवा निघेल म्हणून?"

८

त्याला आता सात महिने झाले. वाचाबाईंच्या वहीत यांचे दोनशे तीस शब्द आहेत. त्यातले निम्मे माझ्यावर खेकसण्याचे, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. उजवा हात अजून मांडीवरच असतो. कधी कधी अंगठा हलतो, असं नणंदेला वाटतं. टाकीत एकतीस मासे आहेत. दुकानदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, इतकी गुण्यागोविंदानं राहणारी टाकी त्यानं पाहिली नाही. मुकादम एका भोकात राहतो आणि तिथूनच सगळ्यांना दम देतो.

ती बाटली माझ्या कपाटात आहे. यांच्या तोंडातून आलेलं बोटभर पाणी. लेबल कोरं आहे. कितीदा टेबलावर घेतली. सतरा थेंब लागतील की आणखी काही, ते दोन मिनिटांत कळेल. सव्वीस वर्षांत न तपासता ठेवलेलं हे एकच पाणी.

भिंतीला मी हात लावत नाही. काच पुसते, दाणे टाकते, आठवड्याला पाणी बदलते. झाकणाला पट्टी लावत नाही.

हे दिवसातून चाळीस वेळा हाक मारतात. चष्मा सापडत नाही, अगं. मुकादमानं आज कुणाला तरी चावलं, अगं. दुपारी जेवून हे आतल्या खोलीत झोपतात, चांगले घोरतात. मी भांडी आवरत असते. अशा वेळी कधी कधी, रोज नाही, बाहेरच्या रिकाम्या खोलीतून, पंपाच्या घरघरीखालून, जाड आवाजात हाक येते.

"अगं."

सुरुवातीला मी दचकायचे. आता हात पुसते, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते आणि ओ देते. आतल्या हाकेला देते तशीच.